उघडा हात

सकाळच्या तालमीत महेश्वरीनं डाव्या हाताची तीन बोटं चेलोवाल्यांना दाखवली आणि त्यांच्या पाठीमागं तुरीच्या पोत्यावर बसलेला धुळाप्पा म्हणाला, "परवडत न्हाय."

फार मोठ्यानं म्हणाला असंही नाही. शेजारच्याला सांगावं तसं, सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सारत, सहज. पण मुरुमच्या मार्केटातलं लिलावाचं शेड ते. वर पत्रा, खाली फरशी. तिथं उंदीर शिंकला तरी चौघांना कळतं. दोन्ही चेलोवाले थांबले, ओबोवाल्यानं ओठांतून वाद्य काढलं, आणि पहिल्या व्हायोलिनवरची इरा, जी मैफलीत कधी पापणीसुद्धा लववत नाही, ती गज मांडीवर टाकून खो खो हसायला लागली. महेश्वरीचा हात मात्र तसाच राहिला. छातीसमोर, तीन बोटं उभी. कारण धुळाप्पाचं बरोबर होतं. तीन म्हणजे तीनच, आणि चेलोवाल्यांना ती खरंच विचारत होती, तीन परवडतात का म्हणून. जगभर हिंडून आली, मोठमोठ्या सभागृहांत वाद्यवृंद उभे केले, पण वाजवणाऱ्यांच्या पाठीमागून कुणी तिचा हात असा घडाघडा वाचला नव्हता.

आता ही रचना तिची स्वतःची, आणि चालही तिनंच काढलेली. कुठला तुकडा किती वेळा वाजवायचा हे यात कागदावर लिहिलेलंच नाही. ती बोटांनी मागते. एक, दोन, तीन, अख्खा पंजा. ज्यांच्याकडं मागितलं त्यांना पटलं तर त्यांनी तितक्यांदा वाजवायचं. नाही पटलं तर आपला जुनाच तुकडा पुन्हा वाजवून सरळ नाही म्हणायचं. मग ती दुसऱ्या अंगानं जाते. व्हायोलिनांना चुचकारते, ट्रॉम्बोनला डिवचते, एकाकडून घेऊन दुसऱ्यासमोर ठेवते. शेवटी सगळे एका आकड्यावर आले की अख्खा वृंद एकदम सुटतो. कधी हे पाव तासात जमतं, कधी वाजवणारे हट्टाला पेटतात आणि पाऊण तास झुलवतात. जर्मनीत याचं केवढं कौतुक झालं. संचालकानं हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी मान खाली घालून वाजवायचं, ही शे-दोनशे वर्षांची रीत एका बाईनं मोडली म्हणून लेख आले. एका मुलाखतीत विचारलं, हे सुचलं कसं? नदीकाठी फिरताना, ती म्हणाली. नदीकाठी! त्या हिवाळ्यात नदी गोठली होती आणि ही बया सर्दीनं बेजार होऊन घरात डोक्यावर पंचा घेऊन वाफारा घेत होती. सुचलं होतं ते मुरुमच्या बैलबाजारात, आठव्या-नवव्या वर्षी, अप्पांच्या रुमालाखाली. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःला तरी धड कुठं सांगितलं होतं?

अप्पा म्हणजे तिचे वडील माणिकप्पा, बैलांचे दलाल. आता ऐंशीला आलेत, बाजारही आता मोबाइलवर बोलतो. पण एके काळी सीमेपलीकडचे कानडी शेतकरी बैलजोडी घेऊन यायचे ते माणिकप्पांचा हात धरूनच विकायचे. हात धरून म्हणजे खरोखरीच. घेणारा एका बाजूला, देणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये अप्पा. खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल हातावर टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं धरायची. रुमालाच्या वर पाऊसपाण्याच्या गोष्टी, लेकीच्या सोयरिकीच्या चौकशा, अर्ध्या मराठीत अर्ध्या कानडीत; आणि रुमालाच्या खाली बोटांची बोलणी. एक बोट दाबलं, दोन दाबली, पंजा धरला, झिडकारला. चेहऱ्यावर काही नाही. शेजारी बसलेली महेश्वरी रुमालाची हालचाल बघत राहायची. कापड कुठं उचललं, कुठं ताणलं, कुठं गप्प झालं यावरून तिला कळायचं, आता हा माणूस नाही म्हणतोय पण उठून जाणार नाही. मग भाव जमला की अप्पा रुमाल झटकून खांद्यावर टाकायचे आणि उघड्या हातावर टाळी द्यायचे. चटकन आवाज व्हायचा. टाळी वाजली की सौदा पक्का. त्यानंतर देव आला तरी मोडायचा नाही. घरी दुपारच्या जेवणानंतर हाच खेळ. रुमालाखाली ती अप्पांचा पंजा धरायची, म्हणजे शेंगांचे लाडू पाच. अप्पा दोन बोटं द्यायचे. ती तोंड फुगवायची. तोंड न्हाय फुगवायचं, अप्पा सांगायचे, तोंडाला काय कळू द्यायचं न्हाय, जे बोलायचं ते बोटानं. शेवटी तिनावर टाळी. आई, गिरिजाबाई, आतून ओरडायची की लाडू केलेत मी आणि सौदा तुमचा का. त्या दुपारची भुईला टेकलेली थंडगार पाठ, अप्पांच्या बोटांचं खरखरीतपण, रुमालाला येणारा कडब्याचा आणि तपकिरीचा वास, हे सगळं महेश्वरीच्या अंगात असं मुरलं होतं की परक्या देशात पहिल्यांदा तिच्यासमोर साठ माणसं वाद्यं सरसावून बसली तेव्हा तिच्या नाकात तपकीर आली आणि ती शिंकली.

पण त्याआधी दुसरंच घडलं होतं. सोलापूरला मामाकडं शाळेला असताना तिला शाळेतल्या गाणाऱ्या मुलींपुढं उभं केलं, तिथून पुण्याला वाद्यवृंदाचं वेड लागलं, आणि एका सुटीत ती घरी येऊन सांगती झाली की मी हेच करणार. हेच म्हणजे काय? तर तिनं अंगणात उभं राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन करून दाखवलं. असे व्हायोलिन येतात, असे ढोल. शेजारचे माळवदावरून बघत होते. अप्पा उठले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिच्या दोन्ही हातांवर टाकला. म्हणाले, "उघडा हात दोनच कामाला, मागायला न्हायतर मारायला. बोलायचं असलं तर झाकून बोलावं." एवढंच. पुढं ती परदेशी निघाली तेव्हा सोलापूरच्या स्टेशनावर पोचवायला आले तेही अप्पाच, खिडकीतून लाडवांचा डबा देणारेही तेच. फोनवर विचारायचे, बाजार कसा झाला? चांगला झाला म्हटलं की बरं म्हणायचे. पण वीस-बावीस वर्षांत तिच्या एकाही मैफलीला आले नाहीत. पुण्याला झाली तेव्हा नाही, सोलापूरला, एसटीच्या दोन तासांवर झाली तेव्हाही नाही. मनुष्य रागावला तर समजूत घालता येते हो. जो रागावलेलाच नाही त्याची समजूत कशी घालायची? अनेक रात्री परक्या खोलीत छताकडं बघत तिनं हा विचार केला होता आणि प्रत्येक वेळी त्या रुमालाचं वजन हातावर जाणवून तिला झोप लागली होती.

आणि गंमत बघा, त्याच रुमालानं तिचं नाव केलं. शिकताना म्हातारे मास्तर रोज ओरडायचे, हात वर घे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेला दिसले पाहिजेत. हिचे हात वर जायचेच नाहीत. छातीच्या खाली, पोटासमोर, पाठीनं झाकलेले. मागच्यांना कशाला दिसायला हवेत, ती म्हणायची, बोलणं समोरच्यांशी आहे. मास्तरांनी कपाळाला हात लावला. परीक्षेच्या दिवशी वाजवणाऱ्यांना तिची बोटं दिसेनात म्हणून सगळे पुढं वाकले. वाकले म्हणून एकमेकांचं ऐकू लागले. आणि असा एकजीव, श्वास धरलेला आवाज निघाला की मास्तर उठून उभे राहिले. म्हणाले, हात खालीच ठेव, आता कुणी वर घ्यायला लावलं तर माझ्याकडं पाठव. पुढं तिला पाठमोरी बाई म्हणायला लागले. लोकांना दिसायची नुसती निश्चल पाठ आणि साठ वाद्यांतून उठणारं तुफान. इकडं मुरुमात मात्र लोकांचं दुखणं वेगळंच. धुळाप्पा चहाच्या टपरीवर विचारायचा, माणिकप्पाची लेक वाजवती काय? काहीच न्हाय. गाती? न्हाय. मग समदे वाजवतेत आन् ही एकटीच गप हुबी, तर टाळ्या हिला कशाच्या? गिरिजाबाई एकदा पुण्याला जाऊन ऐकून आल्या आणि घरी सांगितलं, लई मोठं असतंय वो ते, अंगावर काटा येतो, पर हिचे हात काय दिसत न्हाईत, झाकूनच असतेत. अप्पांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. बरं, म्हणाले. गिरिजाबाईंनी ते बरं लेकीला फोनवर जसंच्या तसं करून दाखवलं होतं.

काल येळवस झाली, शेतात जाऊन जेवायची हिवाळ्यातली अवस. सगळा वाद्यवृंद शेतात नेला होता. भज्जी, उंडे, आंबिल. ओबोवाल्या जर्मन माणसानं आंबिलाचे इतके तांबे चढवले की तो कडब्याच्या कोपीशेजारी चांगला दोन तास घोरत पडला आणि उठल्यावर म्हणाला, मी इथंच राहतो. संध्याकाळी परतताना गाडीत सगळे दाटीवाटीनं गात होते. आणि आज सकाळी, चहा होतो न होतो तोच, अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, संध्याकाळी तुझ्या पाठीमागं एक खुर्ची टाकाय सांग. गिरिजाबाईंनी आतून डोळे मोठे करून खूण केली, गप, काही विचारू नको. पाठीमागं. म्हणजे हात दिसणार नाहीत अशा जागी. आपल्या लेकीची झाकली मूठ झाकलेली राहील अशी जागा त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. तिला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं; पण तोंडाला काही कळू द्यायचं नाही ही शिकवण त्यांचीच. ती हो म्हणाली आणि मार्केटाकडं चालत निघाली. रस्ताभर तिला गाणं येत नसताना ती गुणगुणत होती.

आणि इथं हे. परवडत न्हाय. लिलावाच्या ओट्यावर उभी राहून तिनं चारी बाजूंना बघितलं. तिचीच हौस! मुरुमात एवढं मोठं सभागृह नाही, शेड मिळालं, तेव्हा फुशारकीनं तीच म्हणाली होती, ओटा मधोमध आहे तर लोकांना चहूकडून बसू दे, नवं काहीतरी होईल. आता समोरच्यांना हात दिसणार एवढी साधी गोष्ट हिच्या डोक्यात आली नाही. आली असती तरी काय, एरवी दिसून कुणाला कळलं असतं? पण इथं समोर पोत्यांवर कोण बसलंय, तर सगळा जुना बैलबाजार. हात वाचण्यात ज्यांची हयात गेली ते म्हातारे. संध्याकाळी ती बोट उचलेल आणि हे भाव बोलतील. उद्या टपरीवर धुळाप्पा सांगेल, माणिकप्पानं जन्मभर झाकून केलं ते लेकीनं ओट्यावर चढून उघडं केलं. आणि पाठीमागच्या खुर्चीवर बसलेल्या अप्पांना ते सगळं ऐकू येईल. ते उठतील, रुमाल झटकतील आणि घरी जातील. पुन्हा कधी येणार नाहीत. मंडपवाला कोंडीराम भला माणूस, तिचा उतरलेला चेहरा बघून म्हणाला, ताई, वाद्यवाल्यांच्या पाठीमागं ताडपत्री लावू का? तिकडचे लोक नुसतं ऐकतील. हो म्हणायला तिनं तोंड उघडलंच होतं. मग तिची नजर पोत्यांवर गेली. धुळाप्पा शेजारच्याला बोटांनी समजावून सांगत होता, आत्ता तिनं काय मागितलं आणि त्यांनी काय दिलं. रंगात आला होता म्हातारा. ही बोली कळणारे आता उरलेत किती? त्यांतले निम्मे इथं बसलेत, आणि त्यांच्याच तोंडावर ताडपत्री? सबंध जगात तिचं काम ज्यांना न सांगता कळलं ती ही माणसं. तिला एकाएकी हसूच आलं. ताडपत्री नको, ती कोंडीरामला म्हणाली, थंडी वाजली तर तुम्हीच पांघरा.

दिवेलागणीला शेड फुलून गेलं. आसपासच्या गावांहून, उमरग्याहून गाड्या आल्या होत्या. ती ओट्यावर चढली तेव्हा पाठीमागून एक खोकला आला, कोरडा, दोन ठोक्यांचा, आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. बसले होते अप्पा. पहिली रचना जुनी, संथ, हात पोटासमोर. लोक शांत बसून ऐकत होते. मग तिची स्वतःची सुरू झाली. तिनं व्हायोलिनांकडं दोन मागितले. समोरून दबका आवाज आला, दोन. व्हायोलिनांनी दिले. दिले की, पोत्यांवरून कुणीतरी म्हणालं. तिनं चेलोंकडं तीन मागितले; त्यांनी जुनाच तुकडा वाजवला. न्हाय म्हणालेत. आता भोंग्याकडं चालली बघ. आन् ते ढोलवालं बेनं मधीच कशाला बोलायलंय? पोत्यांवरून ही कुजबूज रांगेरांगेनं पसरत गेली; म्हातारे पोरांना सांगत होते, बायका बायकांना, आणि ज्यांनी जन्मात असलं संगीत ऐकलं नव्हतं ते शेडभर लोक खुर्च्यांच्या कडेला सरकून बसले, आता जमतंय की मोडतंय म्हणून. वाजवणाऱ्यांनाही ते चढलं. ट्रॉम्बोननं असा काही नकार दिला की मागचे हसले. महेश्वरीला वाटत होतं, आपल्याला चार हात आहेत. इतकी हलकी ती कधीच झाली नव्हती.

आणि त्याच वेळी पाठीमागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाय ओढत जाणारी चप्पल. तिला ती चाल झोपेतही ओळखता आली असती. गेले, तिच्या मनात आलं, गेले अप्पा. मागं वळून बघता येत नव्हतं. वाजवणाऱ्यांचे पन्नास डोळे तिच्या बोटांना खिळले होते. हात आपोआप खाली आले, पोटाशी मिटले. वाजवणारे पुढं वाकले, आवाज बारीक झाला, आणि पोत्यांवरून तक्रार आली, अगं दिसंना झालंय की. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. इतक्यात समोर, अगदी समोर, म्हाताऱ्यांच्या गर्दीत काहीतरी पांढरं हललं. कुणीतरी कुणालातरी कोपरानं सारत होतं. सरक म्हणत होतं. धुळाप्पा सरकला आणि त्याच्या पोत्यावर, खांद्यावरचा रुमाल सावरत, अख्ख्या शेडला वळसा घालून धापा टाकत आलेले अप्पा बसले. नंतर गिरिजाबाईंनी सांगितलं ते असं, की मागं बसून नुसतं ऐकू येत होतं, दोन, तीन, दिले, न्हाय दिले. बाजार लागलाय आन् माणिकप्पाला हात दिसंना, दम कसा निघावा? त्या म्हणाल्या, मी धरलं हुतं धोतर, सोडवून घेऊन गेले.

आधी ते गुडघ्याकडं बघत राहिले. मग मान वर केली. तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. दलाल तोंडाकडं बघत नाही. हाताकडं बघितलं. महेश्वरीनं मिटलेले हात उघडले. तीन, तिनं व्हायोलिनांना विचारलं. मिळाले. ओबोला विचारलं. मिळाले. चेलो अजून अडून बसले होते, दोनाच्या वर यायला तयार नव्हते. आणि तेव्हा तिला दिसलं की अप्पांच्या मांडीवर रुमाल पसरलाय आणि त्याच्याखाली त्यांची बोटं चालू आहेत. कापड उचललं, ताणलं, गप्प झालं. आठव्या वर्षी वाचता येत होतं ते आत्ताही येत होतं. ते सांगत होते, मागू नको, थांब, गरज त्यांना हाय. ती थांबली. हात निश्चल धरला, काहीच मागितलं नाही. चेलोवाल्यांनी एकदा जुनाच तुकडा वाजवला, बावरले, तिच्याकडं बघितलं, आणि आपण होऊन तीन दिले. पोत्यांवर हुंकार उठला. मग तिनं दोन्ही हात वर नेले. छातीच्या वर, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, अंगणात त्या दिवशी नेले होते तितके वर, आणि अख्खा वृंद सुटला. पत्रा दणाणला, आढ्यावरचे पारवे उडाले. कुणी उठून उभं राहिलं, कुणी उगाच शेजाऱ्याच्या पाठीत धपाटे घालत होतं. अप्पा मात्र बसूनच होते, रुमालाखाली हात ठेवून, तोंडावर काही न दाखवता.

लोक ओट्याभोवती जमले. हार, नारळ, फोटो. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि अप्पा आले. खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या उजव्या हातावर टाकला आणि आत हात घातला. बोटं तशीच खरखरीत. त्यांनी तिचा पंजा धरला. अख्खा. लहानपणी लाडवांना कधी मिळाला नव्हता तो भाव. महेश्वरीचे डोळे भरून आले, पण ती दलालाची लेक. तिनं तोंड कोरं ठेवलं आणि बोट झिडकारलं. परवडत नाही. अप्पांच्या मिशीचं एक टोक हललं. वर धुळाप्पाला म्हणाले, औंदा थंडी बरी हाय, तुरीला मानवंल. आणि खाली दुसरा हातही आत घालून तिचा हात दोन्ही पंजांत धरला. "आता याच्यावर काय न्हाय माझ्याकडं," ते हळूच म्हणाले. जन्मभरात रुमालाखालचं बोलणं ते तोंडानं बोलले ते तेवढंच.

मग त्यांनी रुमाल ओढून काढला, खांद्यावर टाकला, आणि सगळ्या मुरुमासमोर, दिव्यांच्या उजेडात, आपला उघडा तळहात पुढं केला. तिनं टाळी दिली. चटकन वाजली ती, आणि पत्र्याखाली लांबवर ऐकू गेली. ओट्यावर उभं राहून महेश्वरीच्या हातातून आवाज निघाला तो हा पहिलाच.

"वाजवती की रं," धुळाप्पा शेजारच्याला म्हणाला.